दोन नंबरच्या बेअरिंगचा बंदोबस्त

१ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. पण चुकून सापडलीच, तर अक्षर बरं असावं.

मोठे साहेब ३१ तारखेला रिटायर होतात. मेन्टेनन्सचा नवा प्रमुख कोण, हे जाताना तेच सांगून जाणार. उमेदवार दोन: मी आणि माझा साडू. म्हणजे एकच.

साडूला मी मनातल्या मनात मौनी म्हणतो. सबंध दिवसात चाळीस शब्द बोलतो, त्यातले दहा 'हं'. त्याचं काम मशिनींची थरथर मोजणं आणि वहीत आकडे लिहिणं. मी चौदा वर्षं मशिनी सांभाळतोय, शिवाय दर शनिवारी शिफ्ट बदलताना कामगारांपुढे भाषण करतो. टाळ्या पडतात. थरथरीला कोणी टाळ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही.

३ मार्च

बॉयलरचा मोठा पंखा चार तास बंद मिळाला. हिरवागार रंगवून घेतला. कल्पना माझी. पंखा दोन माणसांएवढा उंच, त्याचा दांडा तेलात बुडालेल्या दोन बेअरिंगांवर फिरतो. रंग आत जाऊ नये म्हणून जिथे भोक दिसलं तिथे फडकं कोंबायला लावलं. दोन नंबरच्या बेअरिंगच्या डोक्यावर एक वाकडी नळी आहे, तिच्यात तर मी स्वतःच्या हाताने कोंबलं. बारकाईने काम करणारा माणूस लपत नाही.

फडकी घरची. वाढदिवसाला मेहुणीने आणि मौनीने मला चौकटीचा शर्ट दिला होता. निवड मौनीची, असं हिने तीनदा सांगितलं. भाऊजींना कापडाची नजर आहे म्हणे. त्या नजरेच्या सहा चिंध्या झाल्या. मन हलकं झालं.

संध्याकाळी फडकी काढली. सहा कोंबली होती, पाच निघाली. एक पडलं असेल कुठेतरी.

४ मार्च, दुपारी

दोन नंबरच्या बेअरिंगखाली तेलाचा थेंब. नव्या रंगावर. ऑइलरकाका म्हणाले, रंगाआधी नव्हता. हे तीस वर्षं इथे मशिनींना तेल घालतायत, त्यामुळे त्यांना वाटतं आपल्याला सगळं दिसतं. मी म्हटलं, आधी मशीन काळी होती, काळ्यावर काळं दिसत नाही. त्यांनी बोटाने थेंब पुसला. मुद्दा पटला असावा.

५ मार्च

मिनिटाला चाळीस थेंब.

मौनी आला, उभा राहिला, बघितलं, वहीत लिहिलं. काय लिहिलंस विचारलं. 'हं' म्हणाला. मला जळफळाट वगैरे होत नाही. फक्त छातीत थोडं गरम झालं. ॲसिडिटी.

७ मार्च

मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. म्हणाले, पंख्याखाली तेल आहे, २४ तारखेला पाहणीची माणसं येणार. जो गळती थांबवेल, त्याचं नाव पुढे करायला मला सोपं जाईल.

मौनी म्हणाला, पंखा दोन तास बंद द्या, आधी कारण शोधतो.

मी उभाच राहिलो. म्हटलं, पंखा बंद म्हणजे बॉयलर बंद, बॉयलर बंद म्हणजे कारखाना बंद. दहा हात राबतात तेव्हा एक चाक फिरतं, आणि ते चाक एका माणसाच्या कुतूहलासाठी थांबवायचं? कारणं शोधत बसणाऱ्यांनी जग बदललेलं नाही, कृती करणाऱ्यांनी बदललंय. पंधरा मिनिटं बोललो. शेवटी साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, बरं बरं, करा तुम्हीच.

विजय.

८ मार्च

संकल्प: सात दिवसांत गळती शून्य.

सगळे बोल्ट आवळले. एक तुटला.

१० मार्च

सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन फासलं. लग्नाच्या केकसारखं दिसतंय. थेंब मिनिटाला पन्नास. म्हणजे तेल आता एकाच जागेतून यायला लागलंय: दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधून. शत्रू एका जागी गाठणं हे अर्धं युद्ध.

तेल जातंच आहे, तर कमी पडायला नको. तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेवरच्या लाल रेघेच्या दोन बोटं वर भरायला सांगितलं. काका म्हणाले, साहेब, रेघ उगाच नसते. मी म्हटलं, रेघ सरासरी माणसांसाठी असते.

११ मार्च

घरात फरशीवर तेलाच्या पावलांचे ठसे. दारापासून आरामखुर्चीपर्यंत. ही म्हणाली, कारखान्यातली गळती थांबेना, ती आता घरी आणली वाटतं. वर म्हणाली, रविवारी धाकटी आणि भाऊजी जेवायला येतायत, तो चौकटीचा शर्ट घाला, त्यांना बरं वाटेल.

शर्ट धोब्याकडे आहे असं सांगितलं. एका अर्थी धुलाईच चालू आहे त्याची.

१४ मार्च

आज शनिवार. भाषणाचा विषय: 'गळती आणि माणूस'. पंख्यासमोरच उभा राहिलो. म्हटलं, मित्रहो, राज्यं तलवारीने पडत नाहीत, गळतीने पडतात. आधी एक थेंब, मग दोन. जो थेंबाकडे दुर्लक्ष करतो त्याच्याकडे इतिहास दुर्लक्ष करतो. कामगार माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होते. थेंब झेलायला मागे ठेवलेला ट्रे भरून वाहत होता.

टाळ्या मात्र पडल्या. दोनच माणसं हसली. दोघंही मौनीच्या खात्यातली.

१५ मार्च, रविवार

ती मंडळी जेवायला आली. मेहुणीने आल्या आल्या शर्टाचं विचारलं. ही म्हणाली, धोब्याकडे आहे. मेहुणी म्हणाली, चार दिवस? मी म्हटलं, धोबी आजारी आहे. हिने विचारलं, काय झालंय त्याला. म्हटलं, ॲसिडिटी.

आमचा स्वयंपाकघरातला नळ वर्षभर टपकतोय. ह्या वर्षी मी दुरुस्त करणार होतो, यादीत आहे. मौनी हात धुवायला गेला तो पाच मिनिटं बाहेरच आला नाही. आला तेव्हा टपटप बंद. आत वॉशर उलटा बसवलेला होता म्हणे. कोणी बसवला, हे त्याने विचारलं नाही. हिने सांगितलं.

नंतर भांडी घासताना ही म्हणाली, किती कमी बोलतात ना भाऊजी. हे कौतुक होतं की टोमणा, विचारलं नाही. छातीत फार गरम.

१७ मार्च

बॉयलरच्या सफाईसाठी पंखा दोन तास बंद राहणार होता. मौनीने ते दोन तास मागितले होते. मी आधीच माझ्या नावावर लिहून घेतले. सील एक असतं तिथे दोन बसवली, पाठीला पाठ लावून.

४.३० — गळती पूर्ण थांबली! ट्रे कोरडा. मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, शाबास. मौनी दोन तास जिन्याखाली नुसता उभा होता. निघताना त्या वाकड्या नळीकडे बोट करून काहीतरी विचारायला लागला. मी म्हटलं, रंग ओला आहे, हात लावू नकोस. चौदा दिवसांचा रंग, पण त्याच्यासाठी ओलाच.

४.५५ — पंखा सुरू केला. गळतीही सुरू झाली.

५.१० — साहेबांना परत फोन केला नाही. चांगली बातमी एकदाच द्यावी.

१९ मार्च

बेअरिंगच्या कवचाला, म्हणजे हाऊसिंगला, हात लावला तर चटका. बेअरिंगचं तापमान ७८. काका म्हणाले, साहेब, मापापेक्षा जास्त तेल आत घुसळतंय, फेस होतोय, म्हणून तापतंय. आणि पुढे म्हणाले, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी विचारलं, रेडा कोण. ते तेलाचा डबा घेऊन निघून गेले.

जुन्या लोकांना म्हणींची फार सवय.

२१ मार्च

तापमान ८४. थेंब आता मोजता येत नाहीत, धार म्हणावी लागेल. खाली लाकडाचा भुसा पसरला, वर हिरवा कागद. पाहणीच्या दिवशी रंगसंगती उत्तम दिसेल.

मौनीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पाहिला. चार ओळी. 'पंखा एक तास बंद द्यावा. ब्रीदर बघायचा आहे.' ब्रीदर म्हणजे काय, हे लिहिलेलं नाही. चार ओळींत कोणी स्वतःची बाजू मांडतं का? मी प्रमुख झाल्यावर माझं पहिलं फर्मान: अर्ज किमान दोन पानी.

२३ मार्च

उद्या पाहणी. भाषण पाठ केलं. आरशासमोर दोनदा. ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, छान आहे, पण मशीन ऐकेल का. मग पुन्हा शर्टाचं काढलं. म्हणाली, धोबी काल रस्त्यात भेटला होता, ठणठणीत आहे, आणि तो म्हणतो तुमच्याकडून चौकटीचं काहीच आलेलं नाही.

मी म्हटलं, धोब्याचं ऐकून ज्यांनी निर्णय घेतले त्यांचं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. ती म्हणाली, विषय शर्टाचा आहे.

२४ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

पाहणीची चार माणसं, मोठे साहेब, कामगार. मी सुरुवात केली. 'थेंब म्हणजे काय? थेंब म्हणजे बेशिस्तीचा पहिला उद्गार' इथपर्यंत आलो आणि मागे भोंगा वाजला. तापमान ९५. पंखा आपोआप बंद. पाठोपाठ बॉयलर. चौदा वर्षांत इतकी शांतता मी त्या हॉलमध्ये ऐकली नव्हती. त्या शांततेत माझा आवाज अजून चालू होता.

मौनीने कोणाला काही विचारलं नाही. खालचा प्लग सैल करून काकांना तेल लाल रेघेवर आणायला सांगितलं. मग शिडी लावून वर चढला. वाकड्या नळीच्या तोंडावरचा रंग चाकूने खरवडला आणि चिमटा आत घातला.

आधी फुस्स असा आवाज आला. मग फडकं यायला लागलं. येतच राहिलं. तेलाने काळं, टोकाला हिरवं, मध्ये स्वच्छ चौकटी. आणि एक बटण.

मौनीने बटणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. ही माणसं उगाच कमी बोलत नाहीत, त्यांचं सगळं बघण्यात असतं.

साहेबांनी खालून विचारलं, कसलं फडकं आहे ते.

"रंगाऱ्यांचं राहिलं असेल," मौनी म्हणाला. आणि घडी घालून खिशात ठेवलं.

पाहणीवाल्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्याने चाळीस शब्दांचा कोटा एकदम संपवला. ब्रीदर म्हणजे ही नळी, हिच्यातून बेअरिंग श्वास घेतं. पंखा फिरला की आतली हवा तापते, फुगते, नळीतून बाहेर जाते. नळी बुजली की ती हवा तेलाला ढकलत सीलमधून बाहेर काढते. वरून तेलही जास्त होतं. सील पहिल्यापासून चांगलं होतं. पंखा थांबला की गळती थांबायची, तेव्हाच कळायला हवं होतं.

तासाभराने पंखा सुरू झाला. मी ट्रेजवळ वीस मिनिटं ओणवा उभा होतो. एकही थेंब नाही.

एकच थेंब पडला असता तर काय बिघडलं असतं?

२५ मार्च

रात्रभर विचार केला. त्याने माझं नाव का सांगितलं नाही? सरळ आहे: मला उपकाराखाली दाबायचंय. मोठेपणा दाखवायचाय. नाव सांगितलं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं. मुद्दे तयार होते.

२८ मार्च

शनिवारचं भाषण रद्द. घसा बसलाय. काकांनी गरम पाणी आणून दिलं. म्हणाले, नळी मोकळी ठेवावी साहेब, माणसाचीही. ह्यांच्या म्हणी आता स्वतःच्या यायला लागल्या.

३१ मार्च, संध्याकाळी ७.२०

मौनी प्रमुख झाला. साहेबांनी निरोपाच्या सभेत जाहीर केलं. नव्या प्रमुखाला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तो उभा राहून म्हणाला, माझ्या वतीने दादा बोलतील. दादा म्हणजे मी. मोठा साडू.

काय करणार? बोललो. मौनावर बोललो, नम्रतेवर बोललो, बारीक नजरेवर बोललो. पंचवीस मिनिटं. आजवरचं सर्वांत चांगलं भाषण, असं साहेबही म्हणाले. टाळ्या थांबेनात. सगळ्या टाळ्या त्याच्यासाठी.

घरी आलो, चपला काढतोय तोच मौनी दारात. हातात कागदाचं पुडकं. हिला म्हणाला, ताई, दादांचा शर्ट कामावर राहिला होता, घेऊन आलो.

ही म्हणाली, धोब्याकडे होता ना?

मी म्हटलं, धोब्याने कामावर आणून दिला होता.

हिने शर्ट उलगडला. तोच रंग, त्याच चौकटी. कॉलरला हात लावून म्हणाली, हा तर कोरा करकरीत दिसतोय. मी म्हटलं, चांगला धोबी आहे. तिने आधी मौनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा टाकायला गेली. मौनी चहा पिऊन गेला. तीन वेळा 'हं' म्हणाला.

घालून बघितला. खांद्यात बरोबर. पोटातही बरोबर, आणि माझं पोट ह्या वर्षात वाढलंय, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खिशात काहीतरी टोचलं. जुन्या शर्टाचं बटण. तेल पुसून लख्ख केलेलं.

उद्या सकाळी आठला नव्या प्रमुखांसमोर हजर व्हायचंय. ही म्हणते, हाच घाला.

दुसरा इस्त्रीचा नाहीच.