आंबट बाटलीचा चांगला कागद

पिंपळदरा, नरखेडजवळ
१२ एप्रिल १९७४

चिरंजीव रविंद्र यास आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण घरात रोज बोलणारा तोच एक, म्हणून त्याला रागवत नाही. पत्र शेजारची नीला लिहून राहिली आहे. माझं बोलणं ती शाळेतल्या मराठीत वळवते, तेव्हा कुठं मी फार शहाणी वाटले तर तो दोष तिचा समज.

संत्र्याचा बहर यंदा चांगला झाला. माश्यांच्या सहाही पेट्या मधाने भरल्या. मध काढायला पलीकडच्या घरची गोपिका मदतीला आली, तिला दोन माश्या डसल्या, मला एकही नाही. त्यांनाही आता माझी चव लागत नसेल. दोन भाकरी थापायची सवय काही सुटत नाही. एक रात्री मी खाते. दुसरी सकाळी, तीही मीच.

तुझ्या प्रयोगशाळेचा कागद परवा आला. नीलाने वाचून दाखवला. मध उत्तम, आम्लता शून्य दशांश एक एक टक्का, मर्यादेत. शिक्का आहे, तुझी सही आहे. गोपिका म्हणाली, नातू साहेब असल्यावर आणखी काय पाहिजे. मी तिला चहा पाजला.

तुझे आजोबा होते तेव्हा एकदा तू ती काचेची लांब नळी घरी आणली होतीस. मध पाण्यात विरघळवायचा, त्यात थेंब थेंब औषध सोडायचं आणि पाणी गुलाबी झालं की थांबायचं. थेंब जितके जास्त, तितकं आम्ल जास्त. एवढं शिकून आंबट कळायला नळी लागते का, असं मी चिडवलं. तू म्हणालास, चांगल्या मधातही थोडं आम्ल असतंच, पण किती ते जिभेला सांगता येत नाही. मध आंबायला लागला की थेंब वाढतात. आणखी एक सांगितलंस, की नमुना नापास झाला तर प्रयोगशाळेचा माणूस स्वतः पेट्या पाहायला येतो. नरखेडकडे येणारा माणूस तूच.

आता पुढचं वळवू नको म्हटलं नीलाले. बोलते तसंच लिही.

रविंद्र, तो मध मी मुद्दाम खराब केला. माश्यांनी मेणाचं झाकण घातलं नव्हतं अशा पोळ्यातून कच्चाच काढला. बाटलीत वरून पाणी टाकलं अन् पंधरा दिवस चुलीजवळ ठेवली. फेस आला, मोहाच्या दारूवानी वास सुटला, तेव्हा तुझ्याकडं तपासाले पाठवायचा नमुना म्हणून मधाच्या सोसायटीत नेऊन दिली. म्हटलं, नापास होईल अन् तुले यावंच लागेल. आजोबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाले आला होता, त्याले दोन वर्षं झाली. सुट्टी भेटत नाही म्हणतो. मले खरं वाटते.

अन् बाटली पास झाली. नीलानं मागच्या वर्षीचा कागद काढून बाजूले ठेवला. म्हणे, "आजी, आकडे तेच आहेत वं. तारीख तेवढी बदलली."

असली बाटली उघडली तर नाकालेच समजते, नळी नाही लागत. मग गोष्टी दोनच. तू उघडली, तुले समजलं, अन् म्हातारीची लाज राखली. नाही तर उघडलीच नाही. पहिली गोष्ट मले गोड वाटते, पण ते बी चूकच आहे गा. उद्या कोणाचा नासका मध असाच पास होईल अन् एखाद्या आजाऱ्याच्या औषधात जाईल. दुसरी गोष्ट मी मनात आणत नाही. आणते. रोज आणते.

विकायचा डब्यातला मध चोख आहे, लबाडी बाटलीपुरती होती. पण तुझ्या या कागदावर मी तो विकणार नाही, सोसायटीत तसं सांगून आली. ये अन् माझ्यासमोर मोज. नाहीच जमलं तर नवीन कागद पाठव अन् त्या बाटलीचं खरं लिही, नापास. तेवढ्यानं मले समजेल की तू झाकण काढलं होतं.

शेवटी लिही म्हटलं, मी काही वाट पाहून राहिली नाही. नीला लिहीत नव्हती. दटावून लिहायले लावलं.

तुझी आजी
कौसल्या
(डाव्या हाताचा अंगठा)