चेनवाला बेडूक

५ जानेवारी, बुधवार. दुकान बंद केल्यावर.
एका फुकट बेडकाची खरी किंमत: हिरवं रेक्झिन पाऊण मीटर, चेन एक (भारीपैकी), मोडलेल्या सुया तीन, बायकोची पिवळी ओढणी (बेडकाची चरबी पिवळी असते, माझा नाइलाज होता) आणि कालपासून घरात अबोला. मागचे पाय शिवायचे अजून बाकी.

हे झालं कसं, ते लिहून ठेवतो. सोमवारी मुलीच्या जीवशास्त्राच्या बाई पर्सची चेन बदलायला दुकानात आल्या. बोलता बोलता कळलं, शाळेत खरा बेडूक कापणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. मुलं पडद्यावर बघतात, वहीत उतरवतात, हाताला काही लागत नाही. आता हेडसर म्हणतात, बेडूकच नाही तर प्रयोगशाळा कशाला, तिथे कॉम्प्युटर मांडू. बाईंनी वीस तारखेचा एक तास मागून घेतलाय. हाताने केलं की मुलं कशी शिकतात, ते त्या तासात हेडसरांना दाखवायचं. नाहीतर खोलीची किल्ली देऊन टाकायची.

मी म्हणालो, बाई, बेडूक मी शिवून देतो. पोट चेनने उघडायचं, अवयव बाहेर, अवयव आत, चेन बंद, पुढचा वर्ग. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. भारावल्या असणार.

बेडूक म्हणजे तरी काय, बॅगच. बाहेरून कातडी, आत कप्पे. रस्त्याकडेला चेना दुरुस्त करायचो, तिथून स्वतःच्या दुकानापर्यंत मी कप्प्यांच्या जोरावरच आलोय.

७ जानेवारी, शुक्रवार.
निश्चय: रोज एक तास मुलीचं पुस्तक वाचायचं.
वाचलं नाही. चित्र बघितलं. कारागिराला चित्र पुरतं.
हृदय शिवून झालं. लाल कापड, चार कप्पे, पक्की शिलाई. मुलीने बघितलं आणि म्हणाली, बेडकाला तीनच असतात, चार माणसाला. मी म्हणालो, एक कप्पा जास्त निघाला म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकाने बॅग परत आणलेली नाही. ती म्हणाली, बाबा, बेडूक गिऱ्हाईक नाही.
हजरजबाबी आहे. माझ्यावर गेलीय.

९ जानेवारी, रविवार.
बेडूक तयार. आतून वॉटरप्रूफ अस्तर, पाण्यात पडला तरी आतडी कोरडी. पाठीला हँडल. मांडीवर दुकानाचं लेबल, दिसेल न दिसेल असं.
बाई तो बघायला घरी आल्या. बेडूक उलटासुलटा करून बघितला. मग विचारलं, हँडल कशाला. मी म्हणालो, न्यायला-आणायला. त्यांनी बेडूक उताणा ठेवला. कापताना तसाच ठेवतात म्हणे. हँडलमुळे तो डुलायला लागला, बराच वेळ डुलत राहिला. हँडल काढायचं ठरलं. मानही काढायची. बेडकाला मान नसते. मग तो मागे बघतो कसा, असं मी विचारलं. अख्खा वळतो, म्हणाल्या. विचार करण्यासारखं आहे.
जाताना दाराबाहेर मुलीशी बोलत होत्या. माझे कान तिखट. बाई म्हणाल्या, आता तूच काहीतरी कर. म्हणजे वीस तारखेला बेडूक उघडायचा मान पोरीला. बापाच्या कामाची कदर अशीच होते.

१२ जानेवारी, बुधवार.
निश्चय: चेन शंभर वेळा उघडून मिटून बघायची.
अकरा वेळा केली. उरलेल्या एकोणनव्वद वेळा वेगळं काही होण्याचं कारण दिसत नाही.
बायको अजून मुलीमार्फत बोलते.

१६ जानेवारी, रविवार. संध्याकाळी पाच.
जेवून आडवा झालो होतो. मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटून डिझाइन करतो. कान उघडेच असतात, या घरात माझ्या नकळत वाटीसुद्धा हलत नाही.
उठलो तर बायकोने स्वतः चहा दिला. मुलगी खुशीत. घरच्या शिलाई मशीनखाली लाल दोऱ्याचे तुकडे दिसले, दुकानातून माझ्याच पायाला लागून आले असतील. झाडून घ्यायला सांगितलं. दोघी हसल्या. एकंदरीत घराला बेडूक पटलेला दिसतो.

१९ जानेवारी, बुधवार.
उद्यासाठी दोन शब्द लिहिले. चार पानं झाली.
पुढचा बेत: सगळ्या शाळांना बेडूक. मग उंदीर. मग माणूस, चेन गळ्यापासून.

२० जानेवारी, गुरुवार.
दुकान बंद ठेवलं. प्रयोगशाळेत मागच्या बाकावर बसलो, गुडघे मावले नाहीत.
हेडसर इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊनच आले. तास सुरू व्हायच्या आधीच तो भिंतीवर खडूने प्लगच्या खुणा करायला लागला. बाईंचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, थांबा, बेडूक उघडू दे.
मुलीने चेन ओढली. दोन बोटं सरकली आणि अडकली. दातांत चरबीची ओढणी गेली होती. बाईंनीही चेन ओढून बघितली. हेडसरांनी घड्याळ बघितलं. मागच्या बाकांवर खुसखुस. मी उभा राहून सांगितलं, मेणबत्ती घासा. मेणबत्ती कोणाकडेच नव्हती. इलेक्ट्रिशियनने आणखी एक खूण केली.
तेव्हा पोरीने हात पुढे केला आणि म्हणाली, "बाई, कात्री द्या."
माझं रेक्झिन. पहिला काप गेला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर समोर नुसत्या पाठी. अख्खा वर्ग टेबलाला चिकटलेला. पोरगी बोलत होती: आधी कातडी, खालचं अलगद उचलायचं, नाहीतर आतलं कापलं जातं. एकाने घाईत आतडं कापलं. बाई म्हणाल्या, बघ, आता समजलं ना. त्याला समजलं. मग प्रत्येकाला कात्री हवी झाली. इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढून बघायला लागला, यकृत कुठलं म्हणून विचारत होता. हेडसर त्याला गप्प करायला गेले आणि तिथेच उभे राहिले.
मग हृदय निघालं. पोरगी म्हणाली, तीन कप्पे. मी मोठ्याने खोकलो, कोणी मोजू नये म्हणून. शाबास पोरी, चारला तीन म्हणाली, आवाज जरासुद्धा हलला नाही. बापाची लाज राखली.
दोन शब्द खिशातच राहिले.

२१ जानेवारी, शुक्रवार.
बाई कापलेला बेडूक पिशवीत घालून दुकानात आल्या. प्रयोगशाळा राहिली. कॉम्प्युटर जिन्याखालच्या खोलीत जाणार. इलेक्ट्रिशियन म्हणाला म्हणे की तिथे वायरिंग सोपं पडेल.
सहा बेडूक हवेत. "फक्त चेन नको, काका," बाई म्हणाल्या. "कापावं लागलं, तेव्हाच पोरं पुढे आली."
मी म्हणालो, तोच तर विचार होता.
हृदय फार सुरेख झालंय, हेही म्हणाल्या. तीन कप्पे इतके नेमके, की हेडसरांनी बोट घालून मोजले. मी म्हणालो, हात बसलाय.
बाई गेल्यावर हृदय काढून मोजलं. तीन. उलटं करून मोजलं. तीन. शिलाई बारीक, माझ्याहून बारीक.
घरी येऊन बायकोला विचारलं. ती भाजी निवडत म्हणाली, पोरीने रविवारी सगळं हृदय उसवून पुन्हा शिवलं, दुपारी दोन ते साडेचार. मशीन माझ्या उशापासून चार हातांवर आहे.