तिसऱ्या डॉक्टरांचं मत

आप्पा, पाटसच्या कारखान्याजवळून बस गेली की अजूनही मला वजनकाट्यावरचे तुम्ही दिसता. उसाची पहिली गाडी घेण्याआधी तुम्ही रोज ठरावीक वजनं ठेवून काटा तपासायचात. एकदा मामांची गाडी आली, तेव्हा मी म्हटलं, "जरा जास्त दाखवा की." सगळ्यांदेखत तुम्ही मला झापलंत, "काटा मामाला वळखत न्हाई, आन् मलाबी न्हाई." मी दोन दिवस फुगून बसले होते.

मग तुमच्या गालात गाठ निघाली. एक डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि नंतर सहा आठवडे रोज किरणांचा शेक घ्या. दुसरे म्हणाले, नुसती औषधाची सलाइन पुरे. तिसरे म्हणाले, गाठ काढली की झालं. केडगाव स्टेशनच्या बाकावर बसून तुम्ही हसलात. "दुखणं येक आन् काटं तीन? तू शिकलीयस, तूच सांग." मी तिसऱ्यांचं नाव घेतलं. वर्षभरात गाठ परत आली.

आता मी पुण्यात कॅन्सरच्या दवाखान्यात कामाला आहे. दर मंगळवारी ऑपरेशनवाले, शेकवाले, औषधवाले डॉक्टर एकत्र बसतात. आधीच्या असंख्य रुग्णांना कशाचा गुण आला हे तपासून उपचार लिहून ठेवलेत, ते समोर असतात. कुणाला वेगळं करायचं असेल तर कारण लिहावं लागतं. तो कागद मी भरते, आणि कारण कोरं सोडलं तर मोठ्या डॉक्टरांशीही भांडते. तुम्हाला गंमत वाटली असती.

या मंगळवारी वडगाव रासाईचे एक शेवंतीवाले मामा आले. गाठ तुमच्यासारखीच, गालात. ऑपरेशन झालंय, शेक बाकी आहे. "ताई, फुलं तोडणीला आल्यात. दुसरं डॉक्टर म्हनलं, शेकाची गरज न्हाई. तुमच्या घरचं कोन आसतं, तर त्यालाबी शेक घ्यायलाच सांगितलं आसतं का?"

"व्हय मामा," मी म्हणाले. ते तयार झाले. मी मात्र जिन्यात जाऊन रडले.

शेक घेतला असता तर तुम्ही वाचला असता का, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण तिसरे डॉक्टर मला पटले नव्हते, आप्पा. शेकासाठी तुम्हाला रोज पुण्याला मलाच न्यावं लागणार होतं, आणि माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याच महिन्यात होती. तुम्ही एवढंच विचारलंत, "नक्की ना?"

मी हो म्हणाले.