काळ्या पट्टीच्या खुर्च्या

प्रिय बाबा,

आज दुकानाची किल्ली घरमालकाला देऊन टाकली. लग्नकार्याला गाद्या-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या आपल्या बिछायत केंद्राचा बोर्डही उतरवला. आई म्हणाली, "तुह्या बाबाले सांगून टाक बाई, नाईतर वाट पाहत बसतीन थे." म्हणून लिहिते आहे.

रागावू नका. गावाबाहेर लग्नाचे लॉन झाले, त्यांच्या खुर्च्या त्यांच्याच. आता आपल्या मालाला विचारतं कोण? भंगारात घालायला मात्र जीव धजेना. मग ठरवलं, ज्यांना गरज आहे त्यांना देऊन टाकायचं.

लग्नाचा माल हातोहात गेला. मुलींच्या वसतिगृहानं गाद्या, कढया, पराती नेल्या. नवरानवरीचा तो लाल सोफा विशेष मुलांच्या शाळेत गेला. तिथली पोरं आळीपाळीनं नवरदेव होतात म्हणे! तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

उरली मागची खोली.

बाबा, ती खोली वेगळी का ठेवलीत हो? वडनेरपासून जामपर्यंत कोणाकडेही मयत झाली, की तुम्ही कोणी मागायच्या आधीच खुर्च्या आणि सतरंज्या पाठवायचात. भाडं कधी घेतलं नाही. पण तो माल निराळा. चुकून लग्नात जाऊ नये म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर काळ्या ऑइलपेंटची पट्टी मारलेली. मी लहानपणी विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "लग्नात बसलेल्याले मयत दिसू नये बाई, अन् मयतीत बसलेल्याले लग्न." मला तेव्हा ते पटलं होतं.

पण त्या पट्टीनं काय केलं, ठाऊक आहे? सगळा तालुका ती ओळखतो! वसतिगृहाच्या मॅडमनी खुर्च्या पाहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तेवढं खरडून देजा ताई, मंग चालते." खरडायला मी पत्र्याचा तुकडाही घेतला हातात. आईनं तो हिसकावला. "तुह्या बाबानं कोनाले फसवलं नाई. तू त्याइच्याच मालावरून सुरू करतं काय?"

मग तसाच टेम्पो भरून वृद्धाश्रमात नेला. मूर्ख म्हणा मला, म्हणाच! एका आजोबांनी खुर्ची फिरवून पाहिली आणि म्हणाले, "काऊन पोरी, आमाले एवढ्या लवकर धाडून राह्यली का?" बाकीचे हसले. एक आजी हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

टेम्पो परत आणला. वाटेत तुमचा इतका राग आला, इतका राग आला! जन्मभर फुकट वाटत राहिलात, आणि जे फुकटही कोणी घेत नाही ते माझ्या डोक्यावर ठेवून गेलात.

आता बोलतेच आहे तर हेही ऐका. जामच्या लग्नाचा माल पोचवून तुम्ही परत येत होतात आणि त्या ट्रकनं तुम्हाला गाठलं. तुम्हाला आत नेलं, आम्ही दवाखान्याच्या मागे, शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर. आई मातीत बसली होती. मामा, काका, शेजारी सगळे ताटकळत उभे. खुर्च्या आणायचं कोणाला सुचलंच नाही. कसं सुचणार? ते काम तुमचं होतं. त्यानंतर मी दवाखान्याच्या त्या रस्त्यानं कधी गेले नाही, लांबून वळसा घालते.

मग शेषरावकाका आले. गावातल्या सेवाभावी मंडळाचा स्वर्गरथ, ती मयत नेणारी गाडी, चालवतात ना, तेच. म्हणाले, "थो माल मंडळाले दे बाई. दवाखान्यामागं लोकं मातीत बसून राह्यते. तिथं पट्टी कोन पाहते?"

मी म्हटलं, घेऊन जा.

"तू चाल संग. एकट्यानं उतरवनं होत नाई आता."

काय करणार? काल गेले.

भिंतीशी एक बाई बसली होती, तोंडात पदर कोंबून. काकांनी तिच्यापुढे खुर्ची ठेवली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. मी सतरंजी अंथरली, तेव्हा ती बसल्याबसल्याच सरकत त्यावर आली. बऱ्याच वेळानं माझ्याकडे बघून म्हणाली, "तुह्यं कोन हाय अंदर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा."

खोटं बोलले का हो मी?

ती बाजूला सरकली. माझ्यासाठी जागा केली. "बस माय. येळ लागते इथं." तिचा मुलगा होता आत. मी बसले, बाबा. तुम्ही गेल्यावर जे रडू आलं नव्हतं ते काल आलं, आणि त्या बाईनं, जिचं पोर आत पडलं होतं तिनं, माझी पाठ थोपटली. आतून नाव पुकारलं तेव्हा तिला उठता येईना. मी तिला धरून दारापर्यंत नेलं.

मला त्या जागेची भीती वाटते. कालही वाटली, उद्याही वाटेल. पण काकांना सांगून ठेवलं आहे, तिथं कोणी एकटंच बसलेलं दिसलं की मला फोन करा. शब्द देते बाबा, मी येऊन शेजारी बसेन.

तुमचीच,
सुनंदा