नायकाच्या कमरेचं माप

३ मार्च, सकाळी ७.
ऑफिसच्या नाटकात नायकाचं काम मिळालं. नायक पंचविशीतला, मी त्रेपन्नचा. मेकअपने जमेल. फक्त कोटाच्या बटणात आणि काजात वीतभर अंतर राहतं. दिग्दर्शक म्हणाले, पंधरा तारखेपर्यंत बटण लागलं नाही तर नायिकेचे वडील व्हा. अपमान! पोट आवळायला मापाचं कॉर्सेट शिवून घेणार. कुणालाही कळू द्यायचं नाही.

४ मार्च.
बायकोला कळलं.

५ मार्च.
शिवणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या, माप दुसऱ्याकडून घ्या, पोट सैल सोडा, एकदा उभं राहून, एकदा बसून. बायको टेप घेऊन आलीच. मी नम्रपणे नकार दिला. ती म्हणते, ओरडून दिला.

६ मार्च, सकाळी ६.३०.
आरशासमोर माप. आधी त्रेचाळीस. टेप आटलेला दिसतो. श्वास आत ओढून एक्केचाळीस. डोळ्यांपुढे काजवे चमकल्यावर एकोणचाळीस. हेच खरं. बसून घेतलं नाही. नायक बसतो कशाला? शिवाय उद्यापासून पळणार, म्हणजे तीन इंच जाणारच. छत्तीस कळवलं. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की? म्हटलं, बिनधास्त शिवा.

७ मार्च.
पळायचे बूट सापडले नाहीत.

८ मार्च.
सापडले. आता उशीर झाला.

१३ मार्च.
कॉर्सेट आलं. बायकोने पाठीला गुडघा लावून दोऱ्या आवळल्या. मुलीने विचारलं, बाबा, बरं वाटतंय ना? मान हलवली. बोलायची सोय नव्हती. पण बटण लागलं!

१५ मार्च, संध्याकाळ.
रंगीत तालीम. पहिला प्रवेश उभ्याने, झकास. दुसऱ्यात नायिका म्हणाली, बसा ना. बसलो. कॉर्सेट हनुवटीशी आलं. ‘तुझ्याशिवाय मला श्वास घेता येत नाही’ हे वाक्य आज प्रथमच मनापासून निघालं. टाळ्या पडल्या. नायिकेने मात्र माझा रंग बघून कात्री मागवली. दोऱ्या कापल्या. पोट सुटलं, कोटाचं बटण उडून दिग्दर्शकांच्या चहात पडलं.

१६ मार्च.
नायकाचं काम आता ऑफिसातल्या टायपिस्टला. वडिलांचंही काम गेलं. दिग्दर्शकांनी नाटक बदललं, आता ते पडदा उघडण्याआधीच वारलेत. भिंतीवर त्यांचा फोटो असेल. माझा. छातीपर्यंतच.
बायकोला सांगितलं, तिन्ही अंक स्टेजवर असणारा मी एकटाच. ती म्हणाली, मग खिळा भक्कम आहे का बघून या.
बघून आलो. भक्कम आहे.