रुद्रभूमीतली जागा

अप्पा,

तुमच्या समाधीवरचा कट्टा पाडला. मीच पाडायला लावला. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण गोल गोल बोलणारी माणसं तुम्हाला आवडायची नाहीत, आणि मलाही हे सांगताना आडपडदा नको आहे. तो काळा ग्रॅनाइट, त्याच्यावरची नावाची पाटी, चारी बाजूंची स्टीलची साखळी, धाकट्या भावानं हौसेनं बसवलेलं सगळं निघालं. खाली नुसती माती आहे. ती सारखी करून घेतली आणि पायातल्या चपला न काढता तिच्यावर जाऊन उभी राहिले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मी आता नगरसेविका आहे. तुम्ही जिथून निवडून यायचात तिथूनच, फक्त वॉर्डाला आता प्रभाग म्हणतात आणि नगरपालिकेची महापालिका झाली आहे. मधली काही वर्षं प्रशासकाचा कारभार होता, मग एकदाची निवडणूक झाली आणि मी आले. माझ्या नावापुढे सासरचं आडनाव आहे, बॅनरवर तुमचा फोटो लावू दिला नाही, तरी लोक घरोघर म्हणायचे, अप्पाची लेक उभी राहिली. प्रचारात मी हात जोडून हसत होते आणि आत तिडीक उठत होती. मतं तुमच्या नावानं मिळाली असं कुणी म्हटलं की अजूनही दिवस नासतो.

पण धंदा तुमच्याकडूनच शिकले, हे नाकारत नाही. गंजातल्या, धान्यबाजारातल्या, आपल्या अडतीवर संध्याकाळी सौदे आटोपले की वॉर्डातली माणसं यायची. पोती एका बाजूला सारलेली असतात, तुरीची धूळ अजून हवेत असते, तुम्ही गादीवर तक्क्याला टेकून बसलेले असता आणि मी शाळेच्या कपड्यांतच तुमच्या बाजूला. कुणाला नळ हवा, कुणाच्या दारात खांब नाही, कुणाची नाली तुंबली. तुमच्याकडे सगळ्यांसाठी तीनच उत्तरं होती. झालं, होतंय आणि बघू. ‘झालं’ म्हणजे झालेलं असायचं, ‘होतंय’ म्हणजे अजून सुरू व्हायचंय, आणि ‘बघू’ म्हणजे विसरा. मतदाराला तोंडावर नाही कधी म्हणाला नाहीत. मला लेडीज सायकल आणलीत, गल्लीतली पहिली, तेव्हा समाजातली चार मोठी माणसं समजवायला आली होती, की पोरीची जात, सायकलवर बरं दिसत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, “बघू.” मी दाराआड उभी होते. त्या दिवशी तुमच्याइतकं मोठं माणूस जगात दुसरं नव्हतं.

म्हणून तर डूख धरला, अप्पा. असल्या बापाकडून तसली वागणूक मिळाली म्हणून धरला. दुसरा कुणी असता तर विसरले असते.

तुमच्या अडतीवर माप करणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं. आपल्याच समाजातला, गळ्यात लिंग असलेला, फक्त पोटजात दुसरी आणि बापाची जमीन निलंग्याकडं थोडीशी. तुम्ही बोलणं टाकलंत ते मी समजून घेतलं. त्यांना कामावरून काढलंत, तेही समजून घेतलं. मग आमची मुलगी तापात गेली. दवाखान्यातून तिला घेऊन आम्ही निघालो तेव्हा घरी न जाता ऑटो सरळ गंजात नेला, कारण रुद्रभूमीच्या, आपल्या समाजाच्या दफनभूमीच्या, कमिटीचे अध्यक्ष तुम्ही होता आणि फाटकाची किल्ली तुमच्या गल्ल्यात असायची. मी ऑटोतच बसून राहिले, मांडीवर ती. हे खाली उतरले आणि ज्या काट्यावर रोज पोती तोलायचे त्याच्याशेजारी हात जोडून उभे राहिले. तुमच्याजवळ तिघेचौघे चहा पीत बसलेले. तुम्ही यांच्याकडे बघितलंत, मग त्यांच्या खांद्यावरून ऑटोकडे बघितलंत, माझ्याकडे, माझ्या मांडीकडे. मला वाटलं उठतील. निदान ‘बघू’ म्हणतील. तुम्ही म्हणालात, “जागा न्हाई.”

चहा पिणाऱ्यांपैकी कुणीतरी कप खाली ठेवला. त्याचा आवाज तेवढा आला.

तेव्हा रुद्रभूमीत निम्मी जमीन मोकळी होती, बाभळी होत्या. तिथे शेरडं चरायची. दोन वर्षांचंही नसलेल्या लेकराला किती जागा लागते, अप्पा?

आम्ही एसटी स्टँडवर गेलो. यांच्या गावाकडं, निलंग्याच्या गाडीनं. गाडी करून न्यावं इतकी ऐपत नव्हती, आणि ती गेलेली आहे असं सांगितलं असतं तर एसटीत घेतलं नसतं. माझ्या शालीत ती गुंडाळलेली, तोंडावर पदर, आणि गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत येतो. माझ्याकडे बघतो, मग सीटवरच्या एका कॉलेजच्या पोराला म्हणतो, “उठ की रे. बाईला जागा दे, लेकरू झोपलंय.” पोरगा उठतो. मी बसते. कंडक्टर विचारतो लेकरू किती वर्षांचं, हे सांगतात, आणि तो म्हणतो मग तिचं तिकीट नाही. निलंग्यापर्यंत मी तिचं डोकं गचके बसू नयेत म्हणून हातानं धरून ठेवलं होतं. त्या अनोळखी माणसानं मला जागा दिली आणि माझ्या बापानं दिली नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. तिला सासऱ्यांनी शेताच्या बांधाला माती दिली.

आई पुढे कधीतरी चोरून भेटायला आली तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी अप्पा रात्री जेवले का. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “जेवले की. वरणात मीठ कमी हाय म्हनले.” तिला खोटं बोलता आलं असतं. बोलली नाही, बरं झालं. पुढची सगळी वर्षं मी त्या वरणावर काढली.

तुमच्या मातीला मी आले नाही. अख्खा बाजार बंद ठेवला होता असं ऐकलं. मग कट्टा झाला, फाटकातून आत गेलं की लांबूनच दिसेल असा. तुमचं बघून बाकीच्यांनी केले. ज्याच्याकडे पैसा आला त्यानं बापाच्या डोक्यावर सिमेंट ओतलं. बाभळी गेल्या, शेरडं गेली, आणि आता खरोखरच जागा नाही. गरिबाघरचं माणूस गेलं की दोन कट्ट्यांच्या मधली फट शोधत हिंडावं लागतं.

निवडून आल्यावर प्रभागातल्या कामांचा आढावा द्यायला मी समाजमंदिरात बैठक लावली. पाइपलाइन कुठपर्यंत आली, दिवे कुठे बसले, घंटागाडी आमच्या भागाला का चुकवते, सगळं सांगत होते. पुढच्या रांगेतल्या बाईनं मध्येच पाणी कधी येणार तेवढं बोला म्हणून सुनावलं आणि माझ्या तोंडून आपसूक ‘होतंय’ निघालं. मग मागून एक म्हातारा उठला. त्याला बोलायला वेळ लागला. म्हणाला, “माझ्या भावाला नालीच्या कडंला बसवून माती दिलीय, आक्का. जागाच न्हाई म्हनले. पाऊस आला की त्याच्या अंगावरून घान पानी जातंय. हे तुमच्या आढाव्यात हाय का न्हाई?”

नव्हतं. पण त्या क्षणी मला रस्ता दिसला. दोन-तीन बैठकांत ठराव झाला. महापालिका भिंत आणि रस्ता करणार, नाली वळवणार, आणि समाजानं जुने पक्के कट्टे काढून जमीन मोकळी करायची. आपल्यात माणूस मातीत जातो तो मातीच व्हायला, वर सिमेंट ठेवायला नाही, असं मी बोलले तेव्हा मठाच्या स्वामींनी मान डोलावली. काम फाटकापासून ओळीनं करायचं असं सगळ्यांसमोर ठरलं. तुमचा कट्टा पाचव्या-सहाव्या ओळीत. ठेकेदाराला मी बाजूला घेऊन सांगितलं की सुरुवात तिथून. त्यानं कारण विचारलं नाही.

धाकट्याचा फोन आला. पहिल्यांदा भांडला, मग रडकुंडीला आला. बाकीचे काय करायचे ते करा, अप्पांचा राहू दे, म्हणाला. आईनं त्याला माझं मन वळवायला सांगितलंय, असंही म्हणाला. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, माझा कट्टा कुणी बांधू नये एवढं माझ्या पोरांना सांगून ठेव, आणि फोन ठेवला. धाकट्याला मी म्हटलं, “जागा न्हाई, बाळा. म्हून तर काढायलोत.” त्याला त्यातलं काही कळलं नसणार. आमची मुलगी गेली तेव्हा तो शाळेत होता.

मशीन आलं तेव्हा मी हजर होते. पाटी आधी निघाली, मग ग्रॅनाइट. तासाभरात तुम्ही सगळ्यांसारखे झालात.

इथवर सगळं मनासारखं झालं. पुढचं झालं ते सांगते. गावभर बोललं गेलं की आक्कानं दुसऱ्याच्या कट्ट्याला हात लावायच्या आधी स्वतःच्या बापाचा पाडला. ज्यांनी विरोध केला होता ते लाजले आणि आपणहून कट्टे काढायला पुढे आले. भांडण नाही, कोर्ट नाही. मी उट्टं काढलं आणि लोकांना तो त्याग वाटला. म्हाताऱ्याच्या भावाला वरच्या बाजूला जागा मिळाली, रस्ता झाला, भिंत होत आली. मग परवा पुन्हा आढाव्याची बैठक झाली. हॉल भरलेला. स्टेजवर तुमचा फोटो ठेवलेला, त्याला हार. कमिटीचे आताचे अध्यक्ष बोलायला उठले. ओळखलंत का? त्या दिवशी तुमच्या गादीवर चहा पीत होते, त्यांतले एक. म्हणाले, बाई एवढं मोठं काम करू शकली कारण संस्कार तसे होते, अप्पांनीच तिला घडवलं. मग मला म्हणाले, “आक्का, अप्पांविषयी दोन शब्द बोला.”

मी उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना सगळं आठवत होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी बोलले असते तर ते तिथेच संपले असते आणि तुम्हीही. ऑटो, गल्ल्यातली किल्ली, निलंग्याची गाडी, सगळं जिभेवर होतं. इतकी वर्षं मी ह्याच एका हॉलची वाट बघत होते. आणि मी म्हणाले, “आज अप्पा असते, तर पहिली कुदळ त्यांनीच मारली असती.”

टाळ्या थांबेनात. बायका डोळे पुसत होत्या. मी खाली बसले.

गळा कसा दाटवायचा हे मला येतं, तुम्हीच भाषणांत करायचात. दाटवलेला आणि दाटलेला यांतला फरकही मला कळतो. माझा दाटला होता. ते वाक्य मतांसाठी नव्हतं, अध्यक्षांना वाचवायलाही नव्हतं. बोलता बोलता मला तसा बाप हवासा झाला, सायकलवाला, आणि क्षणभर तो होता.

हे पत्र तुमच्या मातीवर उभं राहून मोठ्यानं वाचायचं असं ठरवून लिहायला बसले होते. वरचं सगळं वाचीन, खणखणीत आवाजात. पण तसा बाप हवासा झाल्याचा परिच्छेद तुमच्या कानावर घालायची माझी तयारी नाही, आणि तो गाळून वाचलं तर तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. म्हणून जात नाही.