अक्काला विचारते

ढोकी,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. कमळास,

म्हाळसाअक्काचा आशीर्वाद. म्या बोलतेय, नात हर्षाली लिहितेय. इकडं सगळं बरं आहे. हरभरा निघाला. म्हातारी म्हैस पुन्हा गाभण राहिली. तिला वय विचारायला कुणी येत न्हाय.

हर्षाली म्हणते, आजी, म्हशीचं राहू दे. शेजारचा बालाजी जीप चालू करून दारात उभा आहे. कमळे, तोच तुला हे नळदुर्गात वाचून दाखवील.

परवा फोनवर तू दोन शब्द बोलून थांबत होतीस. म्या म्हणलं, कमळी पुढाऱ्यासारखी बोलाय लागली. तू म्हणालीस, "अक्का, तुझं ऐकलं आन् सुखी झाले. उठबस वाचली." तिथं माझं हसू गेलं. काल तुझ्या सुनेला, मोनिकाला, खोदून विचारलं. ती म्हणली, "मावशी, त्या भिंतीला टेकून बसूनच झोपतात. दवाखान्यात चला म्हणलं तर म्हणतात, अक्काला विचारते."

आज सकाळपासून तुमच्याकडं फोन कुणी उचलेना.

दोन महिन्यांमागं आपल्या युवराजच्या लग्नात तू सारखी उठत होतीस. हृदयाच्या गोळ्यांतली ती पांढरी, लघवीची. भोवतीचा ऊस तुटलेला, बाईमाणसाला आडोसा न्हाय. म्याच म्हणलं, डाक्तरला कुठं लुगडं नेसून मांडवात बसायचंय? टाकून दे. म्या सोडलीय, बघ कशी ठणठणीत आहे.

पुढचं तुला सांगितलं न्हाय. पंधरा दिवसांत माझे पाय असे सुजले की जोडवी कापून काढावी लागली. करिश्मा नर्सनं नडगीवर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. म्हणली, हे पाणी छातीत चढलं की माणूस आतल्या आत बुडतं. त्याच दिवशी म्या गोळी चालू केली.

माझी. तुझी न्हाय.

अर्धी गल्ली मला विचारून औषध घेते, कमळे. चुकलं म्हणायला जीभ वळली न्हाय.

आता चप्पल घाल. गोळ्यांची पिशवी घे. राहिलेल्या गोळ्या एकदम गिळू नकोस. डाक्तरला खरं सांग, दोन महिने बंद आहे, अक्कानं सांगितलं म्हणून. माझं नाव घे. मला विचारायचं होतं ना? मग ऐक, जा म्हणते.

बालाजी, ती नको म्हणली तर उचलून जीपमध्ये बसव.

तुला चुकीचं सांगून गप्प बसलेली,
तुझी अक्का